सोप्या पेपरात पास झालेला ड्राइव्ह

घरोघरी टेपरेकॉर्डर होते त्या काळात कॅसेट प्रामुख्याने तीन लांबींच्या मिळत : साठ मिनिटांची सी-६०, नव्वद मिनिटांची सी-९० आणि दोन तासांची सी-१२०. डबीचा आकार तिन्हींचा सारखाच. त्यामुळे जास्त वेळाची फीत तीत बसवायची तर ती पातळ करणे भाग होते. सी-६०ची फीत सुमारे १८ मायक्रोमीटर जाड असे, सी-९०ची १२ आणि सी-१२०ची अवघी ९. झिजलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये सी-६० बिनतक्रार वाजे, पण सी-१२० घातली की ती रुळाभोवती गुंडाळली जाई. मग पेन्सिल घालून फीत सोडवता सोडवता लोक नव्या कॅसेटला नावे ठेवत. 'आधीची तर नीट वाजत होती!' हा त्यांचा पुरावा असे.

हा पुरावा वरवर पाहता बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तो किती कच्चा आहे हे या लेखात पाहायचे आहे. निमित्त मात्र गाण्यांच्या कॅसेटचे नाही, संगणकातील माहितीची राखीव प्रत ठेवणाऱ्या टेपचे आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावच्या एका शिक्षकांनी आम्हाला एक अडचण कळवली. त्यांच्या शाळेने जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांची पाने स्कॅन केली आणि त्यांची एक प्रत चुंबकीय टेपवर ठेवायचे ठरवले. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या कार्यालयातून बाद झालेला एलटीओ-४ जातीचा टेप ड्राइव्ह आणि वापरलेल्या काही एलटीओ-३ टेपा शाळेला दिल्या. त्या जुन्या टेपांवर लेखन-वाचन व्यवस्थित होई. म्हणून शाळेने सीलबंद एलटीओ-४ टेपा विकत घेतल्या, आणि इथे गाडी अडली. काही टेपांवर लेखन अर्ध्यावर थांबे. काही टेपा ठरलेल्या क्षमतेच्या बऱ्याच आधी 'भरली' म्हणून बाहेर येत. ड्राइव्हबरोबर आलेल्या दोषनिवारण पत्रकात तीन उपाय होते : हेड साफ करा, दुसरी टेप वापरून पाहा, तरीही न जमल्यास पुरवठादाराला कळवा. शाळेने हेड साफ केले. दुसरी टेप म्हणून हाताशी असलेली एलटीओ-३ लावली. ती चालली. निष्कर्ष निघाला की नव्या टेपा खराब आहेत. त्या बदलून आणल्या, तरी रडगाणे तेच.

अडचण छोटी वाटेल, पण पणाला काय लागले आहे ते पाहा. मारेगाव तालुक्यात कोलाम आणि गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाने जाहीर झाली. त्याआधीच्या शाळेच्या नोंदींना जात पडताळणीत विशेष वजन असते. आजोबांच्या नावासमोर दाखल-खारीज रजिस्टरात लिहिलेला एक शब्द नातवाच्या प्रवेशाचा किंवा नोकरीचा आधार ठरू शकतो. हे कागद आज ठिसूळ झाले आहेत. त्यांची प्रत टेपवर सुरक्षित आहे असे वाटावे आणि ती प्रत्यक्षात वाचताच येऊ नये, हे प्रत नसण्याहूनही वाईट. प्रत नाही हे ठाऊक असेल तर माणूस निदान कागद तरी जपतो.

आमचा आक्षेप त्या पत्रकावर आहे. त्यातला एकही उपाय खोटा नाही. आधी सोपे करून पाहावे, मग अवघड, हा त्याचा क्रमही योग्य आहे. परंतु कोणत्याही उपायामागचे कारण त्यात नाही, आणि कारण नसल्यामुळे उपाय चुकीच्या रीतीने वापरला जातो. 'दुसरी टेप वापरून पाहा' हे वाक्य घ्या. दुसरी म्हणजे कशी? हे न सांगितल्याने सगळा घोटाळा झाला आहे.

आता एलटीओची रचना पाहू. अर्धा इंच, म्हणजे नेमकेपणाने १२.६५ मिलिमीटर रुंदीची ही फीत. तिच्यावर लांबीच्या दिशेने शेकडो समांतर पट्टे लिहिले जातात. एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे, मग उलट, असा नांगरणीसारखा हेडचा प्रवास चालतो. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीची क्षमता १०० गिगाबाइट होती. २००५ च्या एलटीओ-३ ची ४००, तर २००७ च्या एलटीओ-४ ची ८०० गिगाबाइट. म्हणजे दोन वर्षांत दुप्पट, आणि बाहेरून डबी अगदी तेवढीच.

ही दुप्पट कशी साधली? एलटीओ-३ मध्ये ७०४ पट्टे होते, एलटीओ-४ मध्ये ८९६ झाले. फितीची लांबी ६८० मीटरवरून ८२० मीटर झाली आणि त्यासाठी जाडी ८ मायक्रोमीटरवरून ६.६ वर आणली. पट्ट्यातील एका मिलिमीटरमध्ये पूर्वी सुमारे ९,६०० बिट मावत, आता सुमारे १३,२५० मावू लागले. वर्गात हे तीन भागाकार जरूर करून घ्यावेत. पट्टे १.२७ पट, लांबी १.२१ पट, बिटांची दाटी १.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे २.१ येतो. क्षमता दुप्पट झाली ती अशी, तिन्ही बाजूंनी थोडे थोडे ओढून.

या ओढाताणीची किंमत ड्राइव्हला मोजावी लागते. एलटीओ-३ मध्ये एक बिट सुमारे ०.१० मायक्रोमीटर लांब होता, एलटीओ-४ मध्ये ०.०७५ झाला. चुंबकीय वाचनाचा एक नियम असा आहे की हेड आणि फीत यांच्यात थोडे जरी अंतर पडले तरी संदेश झपाट्याने क्षीण होतो, आणि लिहिलेला नमुना जितका बारीक तितका जास्त क्षीण होतो. समजा, हेडवर धुळीचा सूक्ष्म थर बसला, किंवा हजारो किलोमीटर फीत घासून हेड झिजले. जाडसर एलटीओ-३ नमुना तरीही वाचता येईल. बारीक एलटीओ-४ नमुना गोंगाटात हरवेल. फळ्यावरची मोठी अक्षरे शेवटच्या बाकावरून धूसर चष्म्यातूनही वाचता येतात, तळटीप वाचता येत नाही. दोष चष्म्याचा असला तरी तो उघडकीस येतो तळटिपेवर.

मारेगावच्या कोड्याचे बहुधा हेच उत्तर आहे. एलटीओ-४ ड्राइव्ह एलटीओ-३ टेपवर लिहितो तेव्हा तो एलटीओ-३ च्याच ऐसपैस दाटीने लिहितो. म्हणजे जुनी टेप लावून शाळेने ड्राइव्हची परीक्षा घेतली खरी, पण ती मागच्या इयत्तेच्या पेपरावर. सातवीचा पेपर सोडवला म्हणून मुलगा नववीत पक्का आहे असे आपण म्हणत नाही. जुनी टेप चालली यावरून 'ड्राइव्ह जुन्या टेपपुरता बरा आहे' एवढेच सिद्ध होते. 'नवी टेप खराब आहे' हे त्यातून मुळीच निघत नाही.

टेप मध्येच 'भरली' का, हेही यातून कळते. एलटीओ ड्राइव्ह लिहिता लिहिताच मागून वाचून पाहतो. लिहिलेला तुकडा नीट उमटला नसेल तर तो पुढे पुन्हा लिहितो. असे वारंवार झाले तर माहिती थोडी आणि फीत जास्त संपते. म्हणून कमी भरलेली क्षमता हे क्षीण हेडचे वा खराब फितीचे महत्त्वाचे लक्षण आहे. कागदावर खाडाखोड वाढली की वही लवकर संपते, तसेच हे. पत्रकात या लक्षणाचा उल्लेखसुद्धा नाही.

विदर्भात अशा वेळी दुसरा एक आरोपी तयार असतो : ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा फीत प्रसरण पावून बिघाड होत असेल, असे त्या शिक्षकांनाही वाटले होते. आरोप करण्याआधी हिशोब करू. हेड एका वेळी फितीच्या रुंदीचा साधारण चौथा भाग, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर व्यापते. फितीचे प्लॅस्टिक दर अंशाला लाखात एक भाग प्रसरण पावते असे धरू. तापमानात २० अंशांचा फरक पडला तर ३ मिलिमीटरमध्ये ०.६ मायक्रोमीटर वाढ होईल. मध्यभाग नेमका जुळवला तर दोन्ही कडांना ०.३ मायक्रोमीटर चूक राहील. एलटीओ-४ मध्ये १२.६५ मिलिमीटरला ८९६ ने भागले तर एका पट्ट्याच्या वाट्याला सुमारे १४ मायक्रोमीटर येतात. चूक त्याच्या २ टक्के. एवढ्याने लेखन थांबणार नाही. तेव्हा रुंदीच्या प्रसरणापुरते ऊन निर्दोष आहे. धुळीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. शेजारी वणीच्या कोळसा खाणी आणि भोवती कापसाचा मुलूख असलेल्या गावात उघड्या खिडकीजवळ ड्राइव्ह ठेवणे योग्य नाही.

हाच हिशोब २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ साठी करा. तिथे ८,९६० पट्टे आहेत, म्हणजे एकाच्या वाट्याला सुमारे १.४ मायक्रोमीटर. तीच ०.३ मायक्रोमीटरची चूक आता पाचव्या हिश्शाहून जास्त होते. तिथे ऊन खरोखरच गुन्हेगार ठरू शकते. म्हणूनच एलटीओ-९ ची कोरी टेप प्रथम घातली की ड्राइव्ह त्या टेपची मोजमापे घेतो. या कामाला बराच वेळ, कधी दोन तासांपर्यंतही लागतो. ज्या खोलीत टेप वापरायची तिथेच ती आधी ठेवून खोलीच्या तापमानाला आणावी, असा सल्ला असतो तो यामुळे. हे ठाऊक नसलेला माणूस 'नवी टेप घातली की यंत्र अडकते' असे समजून बटण बंद करील. सूचना पाळली जावी असे वाटत असेल तर तिचे कारण शेजारी लिहिलेच पाहिजे.

तिसरा संशयित म्हणजे खुद्द संगणक. एलटीओ-३ पूर्ण वेगात सेकंदाला ८० मेगाबाइट लिहितो, एलटीओ-४ १२० मेगाबाइट. ड्राइव्ह आपला वेग काही प्रमाणात कमी करू शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. शाळेचा जुना संगणक हजारो लहान फाइली गोळा करत त्याहून हळू माहिती देत असेल तर ड्राइव्हला थांबावे लागते, फीत मागे न्यावी लागते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. मोच्याने बुटावर कापड मागेपुढे ओढावे तशी फीत हेडवर घासत राहते. यात हेड आणि फीत दोन्ही झिजतात. उपाय फुकटचा आहे : सगळ्या फाइलींची आधी डिस्कवर एकच मोठी फाइल बांधावी आणि मग ती टेपवर पाठवावी.

टेप ड्राइव्ह स्वतःहून काय सांगतो, त्याचीही चिकित्सा करू. बहुतेक ड्राइव्हमध्ये टेपअलर्ट नावाची पद्धत असते. तीत ६४ क्रमांकांपर्यंत ठरावीक सूचनांची जागा ठेवलेली आहे. पाचवी सूचना वाचन बिघडल्याची. तिचा आशय असा, की टेप खराब आहे किंवा ड्राइव्ह सदोष आहे. रुग्णाला 'तुम्हाला आजार आहे किंवा आमच्या थर्मामीटरला' असे सांगण्यासारखेच हे झाले. सहावी सूचना लेखन बिघडल्याची. ती एक पाऊल पुढे जाते आणि चांगली टेप घालून ड्राइव्ह तपासा असे सुचवते. ही सूचना आम्हाला मोलाची वाटते, कारण तीत नियंत्रित प्रयोगाचे बीज आहे. पण 'चांगली' म्हणजे त्याच पिढीची आणि दुसऱ्या निरोगी ड्राइव्हवर पूर्ण भरून पाहिलेली, हे दोन शब्द जोडले असते तर मारेगावच्या शाळेचे पैसे आणि वेळ वाचले असते.

तर प्रयोग कसा करावा?

पहिली पायरी, डबीवरची पिढी वाचा. एलटीओ-४ ड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या टेपवर लिहितो, दुसऱ्या पिढीची फक्त वाचतो. पाचवी किंवा त्यापुढची टेप त्याला मुळीच चालत नाही. डब्या दिसायला सारख्या असल्याने इथेच फसगत होते.

दुसरी पायरी, दुसरीकडे नीट चाललेली एलटीओ-४ टेप आपल्या ड्राइव्हवर चालवा.

तिसरी पायरी, आपल्याकडे अडलेली टेप दुसऱ्या निरोगी ड्राइव्हवर चालवा. त्यासाठी एलटीओ-४ किंवा एलटीओ-५ ड्राइव्ह हवा. एलटीओ-६ वर एलटीओ-४ टेप वाचता येते, लिहिता येत नाही.

आता चार शक्यता उरतात. चांगली टेप आपल्याकडे अडली आणि आपली टेप तिकडे चालली, तर दोष ड्राइव्हचा. चांगली टेप आपल्याकडे चालली आणि आपली तिकडेही अडली, तर दोष टेपेचा. दोन्ही अडल्या, तर दोष दोन्हीकडे आहे किंवा 'चांगली' टेप चांगली नव्हती. दोन्ही चालल्या, तर दोष दोहोंच्या जोडीत आहे. थोडा थकलेला ड्राइव्ह आणि थोडी कमअस्सल टेप एकेकटे निभावून नेतात, एकत्र आले की अडतात. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आठवीच्या विज्ञानातलाच आहे. हेड साफ करणे, टेप बदलणे आणि केबल बदलणे ही तिन्ही कामे एका दमात केली तर ड्राइव्ह सुरू होईल कदाचित, पण कशाने सुरू झाला ते कळणार नाही.

साफसफाईबद्दलही एक सावधगिरी. साफ करणारी टेप हेडवर घासूनच काम करते आणि तिचे वापर मोजके असतात. ड्राइव्हने मागणी केल्यावर ती वापरावी, देवपूजेसारखी रोज नव्हे. आणि गाण्यांच्या कॅसेटप्रमाणे एलटीओ टेप जोरदार चुंबक फिरवून कधीही पुसू नये. तिच्यावर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात. त्या पुसल्या की टेप कायमची निकामी होते.

दोन ड्राइव्हांचा आग्रह आम्ही आणखी एका कारणासाठी धरतो. ज्या ड्राइव्हने लिहिले त्यानेच वाचून पाहणे म्हणजे आपणच उत्तरपत्रिका लिहून आपणच तपासणे. लिहिण्यात तिरपेपणा असेल तर वाचण्यातही तोच तिरपेपणा असतो आणि सगळे बरोबर दिसते. एलटीओच्या आधीच्या डीडीएस टेपांमध्ये हा प्रकार नेहमीचा होता : ज्या यंत्राने लिहिले त्याखेरीज दुसऱ्या कोणालाही ती टेप वाचता येत नसे. एलटीओमध्ये वाट दाखवणाऱ्या खुणांमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही. मारेगावहून टेप नागपूरला पाठवून तिथल्या ड्राइव्हवर वाचून घेणे कटकटीचे वाटेल. तरीही तीच खरी तपासणी.

आता मोठा प्रश्न. टेपच्या जाहिरातीत तीस वर्षांचे आयुष्य सांगितलेले असते. योग्य तापमान आणि आर्द्रता राखली तर फीत तेवढी टिकेलही. पण वाचणारे यंत्र? सातव्या पिढीपर्यंत नियम असा होता की ड्राइव्हने आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचाव्यात. २०१७ साली आलेला एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो. २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० एकही मागची पिढी वाचत नाही. म्हणजे फीत तीस वर्षे टिकणार, पण तिला वाचणारा नवा ड्राइव्ह त्याच्या कितीतरी आधी दुकानातून जाणार. नोंदीचे आयुष्य म्हणजे फीत आणि यंत्र या दोहोंपैकी जे आधी संपेल त्याचे आयुष्य. खोक्यावर मात्र एकाचेच छापलेले असते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे आणि ग्राहकाने त्याबद्दल प्रश्न विचारायला हवा.

अमेरिकेच्या ल्युनर ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राची छायाचित्रे पाठवली. मूळ फिती जपल्या गेल्या. पण त्या वाचणारी फ्रिजएवढी अॅम्पेक्स यंत्रे नामशेष होत आली होती. नॅन्सी इव्हान्स या संशोधिकेने अशी काही यंत्रे वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली, म्हणून २००८ मध्ये चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे चित्र मूळ स्पष्टतेने पुन्हा मिळाले. मूळ माहिती जपण्याचा लाभ आपल्याकडेही दिसला आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झला आकाशाची पाहणी केली. ती मूळ निरीक्षणे साठवून ठेवली होती, म्हणून पुढे नव्या पद्धतीने त्यांचा पुन्हा हिशोब करून सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध करता आली. साठवण वाचता आली नसती तर नवी पद्धत कशावर चालवणार?

यावरून टेप टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. २०११ मध्ये जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गुगलने ती टेपवरूनच परत आणली. कपाटात ठेवलेल्या टेपेला वीज लागत नाही आणि संगणकातला विषाणू तिच्यापर्यंत पोचत नाही. भारनियमनाची सवय असलेल्या गावात हा गुण लहान नव्हे. एलटीओच्या डबीत एक चिपही असते. तीत टेप किती वेळा वापरली, किती चुका झाल्या याची नोंद राहते. ही नोंद वाचणारे प्रोग्रॅम मिळतात. ते वापरले तर पुष्कळसे तर्ककुतर्क टळतात.

मारेगावच्या शाळेला आमचे सांगणे थोडक्यात असे. हा ड्राइव्ह दुसऱ्या एलटीओ-४ टेपेने तपासून घ्या. तो झिजला असेल तर सध्याची प्रत खुशाल एलटीओ-३ टेपवरच ठेवा. रजिस्टरांची पाने ४०० गिगाबाइटमध्ये आरामात मावतील, आणि थकलेल्या हेडला सोपा पेपर देण्यात कमीपणा नाही. दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर, वेगळ्या इमारतीत ठेवा. टेपेच्या डबीवर पिढी, तारीख आणि कोणत्या ड्राइव्हवर लिहिली ते पेनने लिहा. मूळ रजिस्टर काही झाले तरी रद्दीत देऊ नका. ते वाचायला कोणताही ड्राइव्ह लागत नाही. आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की टेपवरची कोणतीही पाच पाने काढून विद्यार्थ्यांकरवी मूळ पानांशी ताडून पाहा. त्यात एक तास जाईल, आणि प्रत खरोखर आहे की नाही हे दर वर्षी नक्की कळेल.